नोराबाई एकदाच ‘नको’ म्हणाल्या

मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम पाहणाऱ्या बाईंनी ऑगस्टमध्येच फोन केला. "काका, तुमचा तो आयर्लंडच्या चहाचा किस्सा लिहून द्या. गणपतीत सांगता तो. आमच्याकडे अजून त्यावर हसतात."

मी लगेच हो म्हटलं. हा किस्सा मी सिंगापूरच्या मराठी घरांतून इतक्या वेळा सांगितला आहे की कुठे थांबायचं, कुठे आवाज बदलायचा, सगळं तोंडपाठ आहे. फक्त लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की मी तो नेहमी अर्ध्यावरच संपवतो. जिथे लोक हसतात तिथे. पुढचा अर्धा भाग मी आजवर कोणाला सांगितलेला नाही, बायकोलासुद्धा नाही. बोलताना गाळता येतो, लिहिताना हात अडतो. तेव्हा या वेळी सगळाच लिहितो. संपादकबाईंनी माफ करावं, गंमत निम्मीच आहे.

आधी माझं काम काय होतं ते सांगतो. ‘जहाजांच्या पर्चेसमध्ये आहे’ म्हटलं की लोकांना वाटायचं मी जहाजं विकत घेतो. माझ्या सासरेबुवांनी तर लग्न ठरवताना हे स्थळ फारच मोठं समजून घेतलं होतं. खरं तर मी जहाजांचं वाणसामान आणणारा माणूस. जहाज म्हणजे पंचवीस माणसांचा संसार, आणि त्याला दारावर येणारा भाजीवाला नाही. तांदूळ, साबण, रंग, बोल्ट, नकाशे, कॅप्टनच्या केबिनचा पडदा, जे काही लागेल त्याची यादी जहाजावरून येणार आणि पुढच्या बंदरात ते धक्क्यावर हजर पाहिजे. जहाज कोणासाठी थांबत नाही. ही जुळवाजुळव मी सिंगापुरात पाया लेबारच्या एका ऑफिसात बसून एकेचाळीस वर्षं केली. त्याआधी सहा वर्षं समुद्रावर होतो, सेकंड मेटपर्यंत, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालच्या दुसऱ्या अधिकाऱ्यापर्यंत पोचलो, मग डोळ्यांनी दगा दिला आणि जमिनीवर आलो.

या कामात अक्कल खरेदीपेक्षा वाचनात लागते. म्हणजे माणसाने काय लिहिलंय यापेक्षा त्याला काय म्हणायचंय हे वाचण्यात. एका जहाजावरून ‘ड्रमस्टिक, पंधरा किलो’ अशी मागणी आली. माझ्या रजेत ती दुसऱ्या कोणी तरी तशीच पुढे ढकलली आणि युरोपातल्या पुरवठादाराने पंधरा किलो कोंबडीच्या तंगड्या चढवल्या. कॅप्टन तमिळ, कट्टर शाकाहारी. कुक आमचा मालवणचा. त्याचा सॅटेलाइट फोन आला, "साहेब, सांबारात आता ह्या तंगड्यो घालू की काय?" मी असतो तर मला कळलं असतं की शेवग्याच्या शेंगा हव्या आहेत. एक चीफ इंजिनिअर सगळ्याच वस्तूंपुढे ‘अर्जंट’ लिहायचे, चहाच्या कपांपुढेसुद्धा. त्यांचं खरं अर्जंट असायचं तेव्हा ते काहीच लिहायचे नाहीत, फक्त दोनदा अधोरेखित करायचे. हे मला कळायचं. ऑफिसात माझं नाव त्यासाठीच होतं, आणि मला त्याचा चांगलाच माज होता.

आता शिडीबद्दल. मोठं जहाज बंदराजवळ आलं की तिथल्या पाण्याची माहिती असलेला माणूस लहान बोटीतून येऊन त्यावर चढतो. त्याला पायलट म्हणतात. चालतं जहाज, हलती बोट, आणि मध्ये जहाजाच्या अंगावरून सोडलेली दोरीची शिडी. दोन मजले, कधी तीन मजले उंच. लाकडाच्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना मनिला दोर. मनिला म्हणजे फिलिपिन्समधल्या केळीसारख्या एका झाडाचा तंतू. तो ओला झाला तरी हातातून निसटत नाही. प्रत्येक पायरी दोराला सुतळीने आवळून बांधलेली असते आणि तिथली एक बांधणी सैल झाली की पायरी फिरते, पायरी फिरली की माणूस खाली. मी स्वतः थंडीपावसात अशा शिड्या जहाजावरून सोडून दिल्या आहेत आणि वर येणाऱ्या माणसाच्या टोपीकडे बघत जीव मुठीत धरून उभा राहिलो आहे. त्यामुळे शिडी चांगली कुठली आणि वाईट कुठली, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

सगळ्यात चांगल्या शिड्या आमच्याकडे आयर्लंडमधल्या एका लहान गावाहून यायच्या. गावाचं नाव लिहीत नाही. कंपनीच्या जुन्या मालकांनी कधी तरी तिथे ओळख जोडली होती आणि युरोपकडे जाणाऱ्या आमच्या जहाजांना शिड्या तिथूनच जात. गंमत बघा, तंतू आमच्या शेजारच्या फिलिपिन्समधून निघायचा, अर्धी पृथ्वी ओलांडून आयर्लंडला जायचा, तिथे त्याचा दोर वळला जायचा आणि शिडी होऊन पुन्हा समुद्रावर यायचा. आमचे साहेब मिस्टर लिम हे ऐकून कपाळाला हात लावायचे.

एके वर्षी मिस्टर लिमनी मला पुरवठादारांची पाहणी करायला युरोपला पाठवलं. चार देश, नऊ ठिकाणं. शेवटचं ठिकाण हे गाव.

कारखाना नोराबाईंचा. त्यांच्या आजोबांनी काढलेला. बाईंचं वय साठीच्या आसपास, लग्न केलं नव्हतं, पायात गमबूट, आणि मला स्टेशनवर न्यायला स्वतः मालाची व्हॅन चालवत आल्या होत्या. हाताखाली सात माणसं. कारखाना म्हणजे एक शेड, रुंदीला आपल्या सिंगापूरच्या सरकारी एचडीबी इमारतीखालच्या मोकळ्या जागेएवढी पण लांबीला तीनशे पावलं. दोर वळायला लांबी लागते. एका टोकाला चाक फिरतं आणि माणूस तंतू सोडत उलटा चालत दुसऱ्या टोकाला जातो. तिथला मुख्य कारागीर मिक म्हणून होता. तो चाळीस वर्षं असा उलटा चालत आला होता. मी सेकंड मेट होतो हे कळल्यावर त्याने दोराचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी ओळखलं, परीक्षा आहे. बसलो, पेड उलगडले आणि टोक परत गुंफून गोल फासा करून दिला. त्याने तो खेचून बघितला, उलटा करून बघितला आणि म्हणाला, "शेळी बांधायला चालेल." बाकीचे सहाजण खो खो हसले. मला इतकं बरं वाटलं की ऑफिसात बढती मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

दुपारी नोराबाईंनी मला गाव दाखवलं. म्हणजे गावात आता नसलेलं गाव दाखवलं. पार्किंगच्या जागेपाशी थांबून म्हणाल्या, "हा चामड्याचा कारखाना." पुढे एका गल्लीत, "हे खिळेवाले. पहाटेपासून ठोकाठोक, इथे कोणाला घड्याळ लागत नाही." नदीच्या काठी खळगे होते, त्यात पूर्वी जवसाची झाडं लिननच्या धाग्यासाठी कुजवत ठेवायचे. त्याचा वास असा की पाहुणे गावात मुक्काम करायचे नाहीत. नदीवर लिननची गिरणी होती, तिच्या जागी फ्लॅट बांधायला घेतले ते अर्धवटच राहिले. टायरच्या दुकानापाशी दुधाचं केंद्र होतं. सकाळी गाढवाच्या गाड्यांची रांग लागायची आणि दुधापेक्षा बातम्याच जास्त गोळा व्हायच्या. डुकराच्या मांसाचा कारखाना, बुटांचा कारखाना. सगळ्यांबद्दल बाई ‘आहे’ म्हणूनच बोलत होत्या. दुःखी वगैरे काही नाही, शेजाऱ्यांची ओळख करून द्यावी तशा. एकेक कारखाना बंद झाला तेव्हा तिथलं एखाद-दुसरं माणूस त्यांच्या वडिलांनी शेडमध्ये घेतलं होतं. मिकचा बाप खिळेवाला. "आता फक्त आम्ही उरलो," त्या म्हणाल्या, "आणि आमच्यात अर्धे तुम्ही." म्हणजे त्यांच्या निम्म्या शिड्या आमची कंपनी घ्यायची. हे त्यांनी मला त्या पार्किंगमध्ये उभं राहून, हसत हसत सांगितलं. मी ऐकलं.

मग चहा. शेडला लागून त्यांचं स्वयंपाकघर होतं.

"चहा घेणार ना?"

"नको, नको."

"घ्या हो. किटली तापलीच आहे."

"नको, खरंच. आत्ताच घेतला." सकाळपासून चहाचं तोंड बघितलं नव्हतं.

"अर्धा कप तरी."

"बरं, अगदी अर्धा."

अर्धा म्हणता म्हणता आला तो दुधाच्या चरवीएवढा मग, सोबत लोण्याने थापलेला ब्रेड, जॅम आणि बेदाण्यांचा केक. बाई किटली हातात धरून माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुमच्याकडेही असंच का? मागच्या वर्षी एक हॉलंडचे गृहस्थ आले होते, त्यांनी पहिल्याच फटक्यात हो म्हटलं. मी दचकलेच."

मग मी त्यांना आग्रह म्हणजे काय ते समजावून सांगितलं. जेवताना यजमान पोळी वाढायला आला की ताटावर आडवा हात धरायचा, पण बोटं फाकवून धरायची, पोळी मधून खाली पडली पाहिजे. करून दाखवलं. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्या म्हणाल्या, त्यांच्याकडे पहिला ‘नको’ शिष्टाचाराचा, दुसरा आई बघत असते म्हणून, आणि तिसऱ्यांदा विचारलं की मग खरं उत्तर.

मी विचारलं, "आणि पहिल्या ‘नको’लाच जो किटली खाली ठेवतो, तो?"

"त्याला चहा द्यायचाच नसतो," नोराबाई म्हणाल्या.

इथे लोक हसतात. इथेच मी थांबतो.

पुढे काय झालं ते असं. मी परत आलो आणि वर्षभरात मिस्टर लिमनी पुरवठादारांची यादी छाटायला काढली. दोनशेच्या वर लहानमोठे पुरवठादार होते, ते निम्म्यावर आणायचे. जे राहतील त्यांनी कंपनीच्या नव्या पोर्टलवर नोंदणी करायची. नोंदणी म्हणजे साठ-सत्तर पानांचे फॉर्म. आग विझवण्याचं धोरण, पर्यावरणाचं धोरण, तक्रारनिवारणाचं धोरण. सात माणसांच्या शेडमध्ये तक्रार असली की मिक ओरडायचा आणि दुसरा कोणी तरी उलटा ओरडायचा, एवढंच धोरण. ज्यांना यादीतून काढायचं त्यांच्यासाठी कारणं द्यावी लागणार होती, वरिष्ठांची सही लागणार होती. पण पुरवठादार आपणहून ‘नको’ म्हणाला, तर काहीच लागणार नव्हतं. एका रकान्यात एक शब्द, की झालं. ही छाटणी माझ्याकडे होती आणि ती वेळेत झाली तर मला मॅनेजर करणार होते. हेही लिहायला हवं.

प्रत्येकाला फोन करून विचारायचं होतं. मी आठवडाभर फोन करत होतो. नोराबाईंचा नंबर शुक्रवारी संध्याकाळी आला, पाचच्या सुमाराला. त्यांच्याकडे सकाळचे दहा. मागे चाकाची घरघर ऐकू येत होती.

मी सगळं समजावलं. फॉर्मचं सांगितलं. आणि म्हणालो, "तुम्हाला हे किचकट वाटेल, पण मी भरून देतो. मला तुमचं सगळं ठाऊक आहे. दोन संध्याकाळचं काम आहे माझं."

बाई म्हणाल्या, "अहो नको. उगाच तुम्हाला कशाला त्रास."

त्या बोलल्या इंग्रजीतच, पण मला ऐकू आलं ते हेच. आमच्या कराडच्या काकू अगदी याच सुरात म्हणायच्या. असं म्हणून बाई थांबल्या. किती वेळ थांबल्या हे मी पुष्कळदा मोजायचा प्रयत्न केला आहे. एखादा माणूस श्वास घेऊन "नाही हो, त्रास कसला" म्हणेल, तेवढी जागा त्यांनी सोडली होती. नेमकी तेवढीच.

आणि मी म्हणालो, "ओके. नोट करतो."

मग त्या म्हणाल्या, "बरं तर." परत एकदा, "बरं तर. तुम्ही विचारलंत, फार चांगलं केलंत."

मी फोन ठेवला आणि रकान्यात ‘डिक्लाइन्ड’ लिहिलं.

मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. हॉलंडच्या गृहस्थांना म्हणता आलं असतं. शेवग्याची शेंग आणि कोंबडीची तंगडी यांतला फरक न पाहता ओळखणारा माणूस मी. त्या बाईंच्या स्वयंपाकघरात बसून मीच बोटं फाकवून दाखवली होती. त्या ‘नको’चा अर्थ त्या वेळी सिंगापुरात एकाच माणसाला कळू शकत होता, आणि फोन त्याच्याच हातात होता. खरं सांगायचं तर मी फॉर्म भरून देतो म्हणालो तेही वरवरचंच होतं. जिन्यात भेटलेल्या माणसाला आपण "या की एकदा घरी" म्हणतो, तसं. त्यांनी नको म्हणावं अशी माझी इच्छा होती. त्या तसं म्हणाल्या आणि माझं काम हलकं झालं.

शेजारच्या टेबलावरची मेई लिंग माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "आयर्लंडच्या बाई नको म्हणाल्या. मला वाटतं त्यांना तसं म्हणायचं नसावं."

ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "शी से नो मीन्स नो, लाह. व्हाय यू सो लाइक दॅट?"

मला तेच ऐकायचं होतं. इथे पंचवीस वर्षं काढली की माणूस सोयीनं इथला होतो. कॅन म्हणजे कॅन, कॅनॉट म्हणजे कॅनॉट. घरी पाहुण्यांना तीन तीन वेळा आमटी वाढायची आणि ऑफिसात पहिल्या नकाराला फाइल मिटायची. नियम ‘एकदा विचारा’ असा होता. दोनदा विचारू नका असं कोणी म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी खाली हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाऊगल्लीत, गेलो आणि नारळाच्या रश्शातल्या नूडल्सचा लक्सा चवीने खाल्ला. आठवडा संपल्याचा आनंद झाला होता. हे आठवलं की मला आजही स्वतःची शिसारी येते.

पुढच्या वसंतात कारखाना बंद झाला. मला ते डिसेंबरमध्ये नाताळच्या कार्डावरून कळलं. बाईंनी चार ओळी लिहिल्या होत्या. शेड रिकामी केली, मिकला दुसरं काम मिळालं, हवा बरी आहे, आणि तुम्ही विचारलंत ते आम्ही विसरणार नाही. मी ते कार्ड ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये सगळ्यात खाली ठेवलं. तोवर मी मॅनेजर झालो होतो.

इथे उगाच नाट्य रचत नाही. त्यांच्या जागी आलेल्या शिड्या कारखान्यात बनलेल्या, तपासलेल्या, व्यवस्थित होत्या. कोणी पडलं नाही, कोणाला खरचटलं नाही. आणि कदाचित तो कारखाना चार-दोन वर्षांत तसाही बंद पडला असता. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की तेही तोंडपाठ आहे. पण तो पडला असता की नाही हे मला कळायचा मार्ग मीच बंद केला. आणि चहाचा किस्सा मात्र मी सांगतच राहिलो. बाईंची नक्कल करतो मी. लोक म्हणतात, हुबेहूब आयरिश बाई उभी करता.

गेल्या वर्षी निवृत्त झालो. आमची मुलगी इरा आयर्लंडमध्येच डब्लिनला नोकरी करते, म्हणून मी आणि माझी बायको वैदेही महिनाभर तिच्याकडे गेलो होतो. एका शनिवारी वैदेहीच म्हणाली, "तुमच्या त्या चहावाल्या बाईंचं गाव इथून किती लांब?" मी टाळायला बघितलं. पण इरानं गाडी काढली. "डोन्ट बी शाय लाह, बाबा," म्हणाली. तिला वाटलं मी भिडस्तपणा करतोय.

शेडच्या जागी घरं झाली होती, एकसारखी, पांढरी. वैदेहीला बॅग बांधायला दोरी हवी होती, म्हणून आम्ही हार्डवेअरच्या दुकानात शिरलो. काउंटरमागे निळ्या नायलॉनच्या दोरीचं रीळ होतं आणि त्यातून मीटरवर दोरी मोजून कापून देत होता तो मिक.

त्याने मला आधी ओळखलं. "सिंगापूर!" असं ओरडलाच तो. काउंटर ओलांडून बाहेर आला. नोराबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, हे त्याने पहिल्यांदा सांगितलं, माझा हात हातात धरून. मग दुकानातल्या मालकाला, दोन गिऱ्हाइकांना, सगळ्यांना बोलावलं.

"हाच तो," मिक म्हणाला. "हा आमच्यासाठी भांडला होता. नोरानं आम्हा सातजणांना शेडमध्ये उभं करून सांगितलं. म्हणाली, सिंगापूरच्या माणसानं तीन तीनदा फोन केला. स्वतः फॉर्म भरून द्यायला तयार होता. पण वरच्यांपुढे त्याचं काही चाललं नाही."

ती बाई खोटं का बोलली हे मला तिथल्या तिथे समजलं. त्या सातजणांना ती कसं सांगणार होती, की मला विचारलं होतं आणि मीच नको म्हणाले, त्रास कशाला म्हणाले? तिला वाटलं, चूक आपली झाली. आपल्या भिडेपायी सातजणांचं काम गेलं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही, म्हणून तिला माझ्या वाटचे दोन फोन बनवून सांगावे लागले. आणि ती ते मनात ठेवून गेली.

दुकानमालकानं हात पुढे केला, मी मिळवला. एक म्हातारी गिऱ्हाईक होती, तिनं माझ्या दंडावर थोपटलं. मिकनं वैदेहीला सांगितलं, "तुझा नवरा चांगला माणूस आहे." वैदेहीचा चेहरा फुलला होता. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे असं क्वचितच बघितलं असेल. दोरीचे पैसे मिकनं घेतले नाहीत. मी त्याला "नको, नको" म्हणालो आणि घेतली.

खरं बोलायला तिथे दोन मिनिटं पुरली असती. माझी जीभ रेटली नाही. गाडीत बसल्यावर मी मनाशी म्हटलं, बोललो असतो तर नोराबाई खोट्या पडल्या असत्या, म्हणजे गप्प राहिलो तेच बरं केलं. कारण शोधण्यात मी पहिल्यापासून तरबेज आहे. सिंगापूरला परत आल्यावर वैदेही हे सगळ्यांना सांगत सुटली. चोआ चू कांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये, मंडळात, पुण्याच्या बहिणीला. मी शेजारी बसून ऐकत असे.

इथपर्यंतचा लेख छापायला देण्याआधी मी तिच्या हातात दिला. तिनं जेवणाच्या टेबलाशी बसून शेवटपर्यंत वाचला. मी समोर बसलो होतो. वाटलं रागावेल, नाही तर म्हणेल जाऊ दे, झालं ते झालं. खरं सांगतो, मला हे दुसरं ऐकायचं होतं.

तिनं चष्मा काढला. "मराठीत लिहिलंत."

"अंक मराठी आहे."

"त्या गावात मराठी कोणाला येतं?"

मी म्हणालो, "अगं, पण नोराबाईंचं नाव खराब होईल."

"त्यांचं, का तुमचं?" ती म्हणाली. "बाई शेवटपर्यंत समजत राहिल्या की त्यांच्यामुळे झालं. आता निदान त्या मिकला तरी कळू दे. इराकडे त्या दुकानाचा पत्ता असेल, मागून घ्या." आणि कागद माझ्यासमोर ठेवून ती आत गेली.

पत्ता मी त्याच दिवशी मागवला. इंग्रजीत पत्र लिहायला बसून आज चौथा दिवस. ‘डिअर मिक’ लिहून झालं आहे. पुढचं वाक्य मला ठाऊक आहे, की मी त्यांना एकदाच विचारलं होतं. इंग्रजीत ते पाच शब्दांचं होतं. अजून लिहून झालेलं नाही.